बाळापूर परगण्याची देशमुखी

वर्ष 1596. तुम्हाला स्वतःचं नाव आहे, बापाचं आहे, कुळाचंही आहे. आज अर्जावर आडनाव म्हणून तुम्ही जे लिहिता, ते ‘देशमुख’ मात्र अजून तुमचं आडनाव झालेलं नाही.

तुम्ही मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या काठी उभे आहात. बाळादेवीच्या ठाण्यावरून या गावाला बाळापूर म्हणतात. आज ओळखीचा असलेला विटांचा किल्ला अजून उभा राहायचा आहे. पात्रात वाकून पाहिलंत तर पाण्याखाली रंगीबेरंगी गोटे दिसतात. लोक ते वेचून आणतात, कापून-घासून शोभेला ठेवतात. वऱ्हाड याच वर्षी अहमदनगरच्या निजामशाहीकडून अकबराकडे गेलं आहे. सहा कोसांवर शहाजादा मुराद याचा तळ पडला असून तिथे शाहपूर नावाचं शहर वसतंय. दूर दरबारात अबुल फझल ‘ऐन-इ-अकबरी’साठी वऱ्हाड सुभ्याची नोंद करतोय. बाळापूरच्या त्या गोट्यांनाही तो विसरत नाही.

त्याच नोंदीत तुमच्या आडनावाचं मूळ आहे. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला या मुलखात देशमुख म्हणतात, असं तो लिहितो. कानूनगो तो देशपांड्या, मुकादम तो पाटील आणि पटवारी तो कुलकर्णी. हे सगळे हुद्दे आहेत. परक्या अंमलदाराला ते समजावून सांगावे लागले, म्हणजे ते त्याच्या येण्याआधीच इथे रुजलेले होते. अचलपूरची इमादशाही 1574 मध्ये बुडाली. राज्य गेलं तरी गावोगावची जमा ठरवणारी घरं जागेवरच राहिली आणि नवा धनी त्यांच्याच दारी आला.

आता कचेरीत बसा. बाळापूर हा नरनाळा सरकारातला परगणा आणि तुम्ही त्याचे देशमुख. समोर गावोगावचे पाटील बसले आहेत, बाजूला देशपांडे दप्तर उघडून गेल्या सालाची जमा वाचतोय. पावसाने ओढ दिलेली आहे. एक म्हातारा पाटील पागोटं सावरत उठतो.

“बापूसाहेब, औंदा जमा कशी निंघन जी? ज्वारी करपली. अर्धं गाव उठून चाल्लं. तुमीच सांगा न दरबारात.”

सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर खिळतात. तुमचं काम आता सुरू होतं. सरकारी अंमलदारापुढे या गावाची रक्कम कमी करून मागायची, ठरलेल्या रकमेची हमी स्वतः घ्यायची, उठून गेलेल्या कुळांना कौल देऊन परत बोलवायचं, पडीक जमीन लागवडीला आणायची. बदल्यात वसुलीवर रुसूम म्हणजे हक्काचा वाटा, इनाम जमीन, सणावाराला पहिला मान. वसूल कमी आला तर अंमलदार तुम्हाला धरतो आणि तुम्ही जास्त पिळलं तर गाव ओस पडतं. रयतेला पिळून गढ्या उंच करणारे देशमुखही झाले आणि रयतेसाठी दरबारात उभे राहणारेही. दोघांचा हुद्दा एकच होता.

आणखी थोडं पुढे चला. भाऊबंदांत वतनाचा तंटा लागला आहे. देशमुखी कोणाची, हे ठरवायला गोत बसलंय. साक्षी झाल्या, जुनी सनद वाचली, आता हातकागदावर महजर म्हणजे निवाडापत्र लिहिलं जातंय. खाली निशाण्या उमटतात. पाटलाने नांगर काढला. सुताराने पटाशी, न्हाव्याने आरसा. लिहिता न येणारा माणूसही आपल्या कामाचं चित्र काढून साक्ष देतो. तो कागद निरखून पाहा, कारण तुमचं आडनाव इथे घट्ट होतंय. वतन वंशपरंपरेचं आहे आणि त्याचे वाटेही पडतात. कचेरीच्या गादीवर थोरला बसला, तरी धाकटा आणि चुलता आपला हिस्सा सांगताना हुद्दाच सांगतात. दोन-तीन पिढ्यांत सगळं घराणं ‘देशमुख’ होऊन जातं. मूळचं कुळ लग्न जुळवताना तेवढं विचारलं जातं. गढीतल्या बायका हे सगळं दाराआडून ऐकत असतात. कागदावर त्यांची निशाणी नाही.

सगळ्या घरांनी हुद्दा आडनावावर चढवला, असंही नाही. वऱ्हाडातच सिंदखेडला जा. जिजाऊंचे वडील लखुजीराव तिथले देशमुख, पण घराणं जाधव म्हणूनच ओळखलं गेलं. उलट वऱ्हाडभर मराठा, कुणबी, ब्राह्मण आणि मुसलमान अशा वेगवेगळ्या समाजांत देशमुख आडनावाची घरं भेटतात. ती एका रक्ताची नाहीत. त्यांना जोडतं ते पूर्वजांनी केलेलं एकसारखं काम.

ऑगस्ट 1720. बाळापूरजवळ तोफा धडधडताहेत. निजामुल्मुल्कने दख्खनचा मुघल कारभार पाहणाऱ्या आलम अलीखानाचा पाडाव केला आणि दख्खन निजामाच्या हाती गेलं. तुम्ही पुन्हा कचेरीत बसता. पुढे नागपूरकर भोसले वऱ्हाडात आपला हिस्सा वसूल करू लागतात आणि एकाच शेताच्या पिकावर दोन सरकारं हक्क सांगतात. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केलेला बाळापूरचा किल्ला 1757 मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईलखान पुरा करतो. 1803 मध्ये अडगावला भोसल्यांचा पराभव होतो आणि वऱ्हाडातला त्यांचा वाटा जवळजवळ संपतो. एवढ्या उलथापालथीत प्रत्येक धन्याने एकच प्रश्न विचारला: या परगण्यात किती पिकतं, हे कोणाला ठाऊक आहे? उत्तर देणारा म्हणून तुम्ही टिकलात.

1853 नंतर हा प्रश्नच विचारला जात नाही. निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. 1860 च्या दशकात मोजणी सुरू झाली, मुंबई इलाख्याच्या रयतवारी धर्तीवर. साखळी घेतलेली माणसं तुमच्या शेतातून जाताहेत. शेताला नंबर पडतो, प्रत बांधली जाते, आकार ठरतो आणि नोंदवहीत कसणाऱ्याचं नाव चढतं. गावचा पाटील आणि पटवारी सरकारला हवेच आहेत. परगण्याचा देशमुख मात्र या नव्या साच्यात बसत नाही. हक्काची रक्कम काही घरांना मिळत राहिली, पण जमाबंदीला तुम्हाला कोणी बोलवत नाही. 7 नोव्हेंबर 1867 ला वऱ्हाडात पहिली शिरगणती होते. तोवर तुमचं नाव पक्कं झालेलं आहे आणि त्यामागचं काम सुटलेलं आहे.

क्षणभर आयर्लंडलाही जाऊन या. तिथेही काही घराण्यांत विद्या आणि हुद्दा बापाकडून मुलाकडे जात असे. मॅक अन वार्ड म्हणजे कवीचा मुलगा. सरदाराची कीर्ती गाणारं ते घराणं. हिकी घराणं ओब्रायन सरदारांचं वैद्य. सतराव्या शतकात इंग्रजी सत्तेने जुनी गेलिक सरदारकी मोडली आणि कवींचा आश्रय संपला. मॅक अन वार्डचं नुसतं ‘वॉर्ड’ झालं, कित्येकांच्या नावामागचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली भाषा जपण्याची चळवळ उभी राहिली, तेव्हा अनेकांनी ते पुन्हा लावले. त्यांचं काम गेलं तसं नावही झिजलं. वऱ्हाडात नाव शाबूत राहिलं, म्हणून ते कशासाठी वापरायचं हा प्रश्न इथे जास्त टोकदार आहे.

त्याचं एक उत्तर वऱ्हाडानेच दिलं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळला 1898 मध्ये एक मुलगा जन्मला. घराण्याचं मूळ आडनाव कदम, ओळख देशमुख. हे पंजाबराव देशमुख. अमरावतीला या. वर्ष 1927, अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढा उभा राहतोय आणि पंजाबराव त्यात पुढे आहेत. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून ते सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करतात, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारतात आणि 1952 मध्ये देशाचे कृषिमंत्री होतात. ज्यांची साक्ष जुन्या कागदांना लागत होती पण ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या बाजूने एक देशमुख उभा राहिला. त्या जुन्या हुद्द्यातलं जे चांगलं होतं, ते त्यांनी सनदेवाचून केलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने चालतं.

आता आजच्या बाळापुरात या. तहसील कचेरीत गर्दी आहे. सातबारा, फेरफार, पीकविमा. औंदाही पावसाने ओढ दिलेली आहे आणि कोणाला तरी आपलं नुकसान अंमलदाराला पटवून द्यायचं आहे. त्याच्याबरोबर जायला माणूस लागतो: कायदा वाचलेला, न घाबरणारा, त्याच्यातर्फे बोलणारा. कोणत्याही आडनावाच्या माणसाला हे करता येतं. तुमचं आडनाव देशमुख असेल, तर त्या रांगेत त्याच्याशेजारी तुम्ही आधी उभं राहायला हवं. तुमच्या घराला हे नाव त्याच कामासाठी मिळालं होतं.