मोट कुणी केली? : ग्रामजीवन संग्रहालय पाहताना



सुगी आटोपली की आपण देवदर्शनाला निघतो. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं, की करवीर तालुक्यातल्या कणेरीलाही जाऊन या. तिथल्या सिद्धगिरी मठाच्या आवारात ग्रामजीवन संग्रहालय आहे. माणसाएवढे सिमेंटचे पुतळे करून जुनं गाव उभं केलं आहे. सुतार, लोहार, कुंभार आपापल्या कामात गढलेले दिसतात. मात्र नुसतं कौतुक करून परतू नका. प्रत्येक अवजारापाशी थांबून विचारा : हे केलं कुणी, आणि त्याला मिळालं काय?

मोटेचंच उदाहरण घ्या. इंजिन आणि विजेचा पंप येण्याआधी विहिरीवरचं बागायत मोटेवरच पिकायचं. मोटेचं चाक सुताराचं, लोखंडी कडं लोहाराचं. कातडं कमावलं ढोरानं, मोट शिवली चांभारानं, नाडा आणि सोंदूर वळले मांगानं. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं वाफ्यात जायचं. एका मोटेला निम्म्या गावाचे हात लागायचे.

या कामाला रोख मजुरी नव्हती. वर्षभर राबायचं आणि सुगीत खळ्यावर येऊन धान्य न्यायचं, हेच बलुतं. हातात पैसा नसला तरी कुणब्याचं काम अडत नसे, ही त्याची चांगली बाजू. पण वाटे सारखे नव्हते. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि ओळीप्रमाणं माप कमी-जास्त व्हायचं. पीक बुडालं की बलुतंही बुडायचं. आणि ज्यांनी कातडं कमावलं, नाडा वळला, त्यांनाच गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. हे पुतळे पाहून समजत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

ही घडी आपोआप मोडली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतनं रद्द केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव-वतनं संपली. म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणताना थोडं थांबावं. त्या हातांची कारागिरी सोनंच होती, पण त्या हातांवरची बंधनं सोनं नव्हती.

आता आपण काय करावं?

१. माळ्यावर किंवा गोठ्यात पडलेलं तिफण, चाडं, कुळव, मोटेचं चाक सरपणात घालू नका.

२. लाकूड झाडून कोरड्या जागी ठेवा, जवसाच्या तेलाचा हात द्या. लोखंडाचा गंज घासून तेल लावा. कातडी वस्तू वाऱ्याला टांगा, उंदरांपासून जपा.

३. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा. तिचं नाव, काम आणि करणाराचं नाव लिहा.

४. माहिती विचारायला फक्त वाड्यावर जाऊ नका. सगळ्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

शाळेची एखादी खोली मिळाली तरी गावचं संग्रहालय सुरू होतं. मात्र तिथं मोट ठेवाल, तेव्हा ती वळणाऱ्या, शिवणाऱ्या हातांची नावंही लावा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी