जे नाही त्याची साक्ष

कोडेक्स बोर्जियानस हे पाचव्या शतकातील चर्मपत्री हस्तलिखित इजिप्तमधील सोहागजवळच्या श्वेत मठातले. लूक आणि योहान या शुभवर्तमानांची मोजकीच पाने उरली आहेत. ग्रीक मजकुरासमोर साहिदी, म्हणजे दक्षिण इजिप्तच्या कॉप्टिक बोलीतला मजकूर. कार्डिनल स्तेफानो बोर्जिया यांच्या संग्रहातून ती उजेडात आली आणि 1789 मध्ये योहानाचा भाग रोममध्ये छापला गेला. एवढ्याशा तुकड्यांचे मोल काय, असे कुणी विचारील. माझ्या मते ते, या पानांत जे नाही, त्यात आहे. योहानाच्या सातव्या अध्यायातील 52 व्या वचनानंतर लेखक थेट आठव्यातील 12 व्या वचनावर येतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची प्रसिद्ध कथा मधून गायब! लूकच्या 22 व्या अध्यायातले रक्तासारख्या घामाचे वर्णनही नाही.

पान गहाळ झाले असेल, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण मजकूर सलग आहे. नजरचूक म्हणावी, तर व्हॅटिकन कोडेक्ससारख्या जुन्या प्रतींतही या दोन्ही जागी तेच दिसते. अधिक वजनदार आक्षेप वेगळा: साहिदी भाषांतर अशाच ग्रीक पाठावरून झाले असेल, तर दोन भाषा म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. हे मान्य करायलाच हवे. पण मग एवढे नक्की ठरते की, ही कथा नसलेला पाठ नाईलकाठच्या मठात अपुरा समजला जात नव्हता. महागडे चर्मपत्र त्याच्यावर दुप्पट खर्चले जात होते.