घर न सोडलेल्या कवयित्री

भक्तीच्या इतिहासात घराबाहेर पडलेल्या स्त्रियांची परंपरा मोठी आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातील अक्कमहादेवी राजगृहाकडे पाठ फिरवून शिवशरणांच्या मेळ्यात गेल्या. काश्मीरच्या लल्लेश्वरींनी सासर सोडले, मीराबाईंनी मेवाडचे राजकुल सोडले. तमिळ देशातील आंडाळने मर्त्य वर वरण्याचेच नाकारले. महाराष्ट्रात मुक्ताबाई अविवाहित राहिल्या, जनाबाई नामदेवांच्या घरच्या दासी होत्या, कान्होपात्रा मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी होती. सोयराबाई संसारी खऱ्या. परंतु त्यांचे पती चोखोबा हे स्वतःच त्या वाटेवरचे वाटाडे होते. ह्या साऱ्याजणींच्या कवितेत देव आणि भक्त ह्यांच्या मध्ये नवरा नावाचा माणूस बहुधा आडवा येत नाही. आलाच, तर तो मागे टाकलेला असतो.

सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचे तसे झाले नाही. त्यांचा नवरा त्यांच्या घरात होता, त्यांच्या भक्तीवर संतापलेला होता, आणि त्या घरातून त्या निघून गेल्या नाहीत. त्यामुळे जो झगडा इतरांच्या बाबतीत उंबरठ्यावर संपला, तो बहिणाबाईंच्या बाबतीत उंबरठ्याच्या आत आला आणि तेथून त्यांच्या अभंगांत उतरला. कुटुंब, स्वत्व आणि मनातले द्वंद्व ह्यांचा शोध साहित्यातून कसा घेतला जातो ह्याचे मराठीतील एक अत्यंत जुने आणि अत्यंत प्रामाणिक उदाहरण म्हणून त्यांच्या आत्मनिवेदनाकडे पाहिले पाहिजे. (खानदेशातील अहिराणी वळणाच्या ओव्यांमुळे घरोघर पोचलेल्या बहिणाबाई चौधरी ह्या निराळ्या. त्यांचा काळ १८८० ते १९५१ असा आहे. नामसाम्यामुळे महाराष्ट्राबाहेरील वाचकांचा घोटाळा होतो, म्हणून एवढा खुलासा.)

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १६२८ मध्ये, वेरूळजवळच्या देवगाव येथे झाला. वडील आऊजी हे गावचे कुलकर्णी, आई जानकी. मुलगी तीन वर्षांची असताना शिवपूरच्या, म्हणजे आजच्या वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या, रत्नाकर पाठक ह्यांच्याशी तिचे लग्न झाले. वर तीस वर्षांचा आणि बिजवर होता. वेदपाठी, ज्योतिष जाणणारा, आणि कोपिष्ट. पुढे काही वर्षांतच माहेरच्या घराला उतरती कळा लागली. कुलकर्ण्यांची वृत्ती म्हटली की भाऊबंदकी आणि कर्ज ह्यांची टांगती तलवार त्या काळी असावयाचीच. कलह विकोपाला गेला आणि एका रात्री आईबाप, मुलगी व जावई गुपचूप गाव सोडून निघाले. बहिणाबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.

तो काळ दख्खनच्या उलथापालथीचा होता. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. इतिहासकार ह्या घटना सनावळीत मांडतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या स्मरणात राहिली ती रात्र, पायवाट आणि दारोदारची भिक्षा. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत हे कुटुंब अखेर कोल्हापुरास एका विद्वान ब्राह्मणाच्या आश्रयाला आले.

कोल्हापुरात जे घडले त्यावर बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचा डोलारा उभा आहे. रत्नाकर पाठकांना तेथे एक गाय दान मिळाली. तिला वासरू झाले आणि ते अकरा वर्षांच्या बहिणाबाईंच्या मागेमागे फिरू लागले. त्या कीर्तनाला गेल्या की तेही जाई. जयराम गोसावी नावाच्या कीर्तनकारांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग म्हटले जात. एके दिवशी गर्दीमुळे लोकांनी वासराला बाहेर काढले. गोसाव्यांनी ते परत आणवले आणि वासराच्या व मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. एवढ्याने गावात चर्चा सुरू झाली. ती नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने ह्या मुलीला बेदम मारले आणि बांधून घातले. पुढे ते वासरू मेले. त्या शोकात बहिणाबाई काही दिवस शुद्ध हरपून पडल्या, आणि त्या अवस्थेत त्यांना कधी न पाहिलेल्या तुकोबांचे दर्शन घडून मंत्र मिळाला.

चमत्काराच्या भागाशी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे व्यवहार करावा. साहित्याच्या दृष्टीने विलक्षण गोष्ट आहे ती त्यानंतरची. मार खाणाऱ्या बाईने मारणाऱ्याची बाजू त्याच्याच तोंडून मांडली आहे. लोक आता बायकोच्या दर्शनाला येऊ लागले, तिला नमस्कार करू लागले. आपल्याला मात्र कोणी गवताच्या काडीइतकेही विचारीत नाही. आपण वेद म्हणावयाचे आणि हिने स्वप्नात एका शूद्राला गुरू करावयाचे. अशा घरात राहायचे तरी कशाला, ही रत्नाकर पाठकांची तक्रार अभंगात सविस्तर आली आहे. तिच्यात जातीचा ताठा आहे, शास्त्राचा आधार आहे, आणि ह्या दोहोंच्या तळाशी एका नवऱ्याचा साधा मत्सर आहे. हे तीन धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे बहिणाबाईंनी एकही दूषण न देता दाखविले. कादंबरी हा प्रकार मराठीत यायला तेव्हा दोनशे वर्षांचा अवकाश होता. पात्राच्या मनात शिरण्याची ही रीत मात्र ह्या अभंगांत आधीच आहे.

शेवटी नवऱ्याने निर्णय घेतला: बायको तीन महिन्यांची गरोदर आहे, तिला सासऱ्यांच्या स्वाधीन करावे आणि आपण तीर्थयात्रेला निघून जावे. म्हणजे घर सोडण्याची भाषा ह्या कथेत भक्त स्त्रीने केलेली नाही. ती तिच्या नवऱ्याने केली आहे.

ह्या ठिकाणी बहिणाबाईंच्या मनातले द्वंद्व टोकाला जाते. टाकलेल्या स्त्रीला सतराव्या शतकात, परमुलखात, आश्रिताच्या घरी कोणते जिणे वाट्याला येणार होते, ते त्यांना कळत होते. त्या स्वतःशीच वाद घालतात. स्त्रीचा देह म्हणजे पराधीनता. वेदाचा अधिकार नाही, पुराणे स्त्रीला अनर्थाचे मूळ म्हणतात. मग परमार्थ साधायचा कोणत्या वाटेने? आणि ह्याच विचाराच्या भरात त्या अशा वाक्यांपर्यंत येतात की ती वाचताना भाविक वाचक दचकावा. विठ्ठल ही तर पाषाणाची मूर्ती, तुकोबा तर स्वप्नात पाहिलेले. त्यांच्यासाठी हातातले सुख का घालवावे? पती हाच देव मानावा, त्याचीच सेवा करावी, असा निश्चय त्या करतात.

ह्या अभंगांचे दोन सोपे अर्थ लावले गेले आहेत. जुन्या पिढीतील भाविकांना त्यांत आदर्श पतिव्रता दिसली; पातिव्रत्यावर बहिणाबाईंचे स्वतंत्र अभंग असल्याने ह्या वाचनाला बळही मिळाले. पुढच्या काळातील काही वाचकांना त्यांत दडपलेल्या स्त्रीची शरणागती दिसली. दोन्ही वाचने अभंगांचा क्रम विसरतात. हा निश्चय करणारी स्त्री विठ्ठलालाही विसरलेली नाही आणि तुकोबांनाही. तो निश्चय ती त्यांनाच ऐकवते आहे. पतीची सेवा करीन असे सांगावयाचे आणि ते अभंगात सांगावयाचे, म्हणजे ज्या गोष्टीपायी मार बसला तीच गोष्ट चालू ठेवावयाची. मनाचा हा दुहेरी व्यवहार बहिणाबाईंनी लपविला नाही. पुढे काय झाले हे माहीत असूनही, उत्तरायुष्यात आत्मकथा सांगताना त्यांनी तो निश्चय गाळला नाही किंवा त्याला सावरून घेतले नाही. संतचरित्रांत असा प्रसंग सहसा ‘देवाने परीक्षा पाहिली’ एवढ्यावर मिटविला जातो.

नवरा मात्र गेला नाही. निघण्याच्या बेतात असतानाच त्याला कठीण दुखणे आले, औषध चालेना. बहिणाबाई उशाशी बसून होत्या. दुखण्यात त्याला पश्चात्ताप झाला, एका वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने दृष्टांत झाला, आणि बरे झाल्यावर तो स्वतःच देहूला जाण्यास सिद्ध झाला. आईबाप, मुलगी, जावई आणि ती गाय असे हे सारे कुटुंब देहूला पोचले आणि इंद्रायणीच्या काठी तुकोबा प्रत्यक्ष दिसले. तेथे मंबाजी नावाच्या गोसाव्याने, ब्राह्मणाने शूद्राचे शिष्यत्व पत्करले म्हणून, ह्या कुटुंबाला छळले. गाय कोंडून तिला मारले. पण आता रत्नाकर पाठक बायकोच्या बाजूस होते. देहूच्या वास्तव्यातच बहिणाबाईंना काशी ही मुलगी झाली. पुढे विठोबा हा मुलगा झाला.

तुकोबांच्या चरित्राला ह्या अभंगांचे मोल फार आहे. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनी तरल्या, ह्या आख्यायिकेचा उल्लेख एका समकालीन व्यक्तीच्या लेखनात येथे मिळतो. परंतु ह्या उपयोगामुळे बहिणाबाईंचे नुकसानही झाले. अभ्यासक त्यांच्याकडे तुकोबांची साक्षीदार म्हणून गेले, आणि साक्ष नोंदवून घेऊन परतले.

‘मी कोण’ ह्या प्रश्नाचे उत्तर देताना बहिणाबाईंनी जो क्रम ठेवला आहे तोही मनात धरण्यासारखा आहे. आत्मनिवेदनाचा आरंभ देवगावापासून किंवा आऊजी कुलकर्ण्यांपासून होत नाही. आधी येते ती गुरुपरंपरा: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, आणि पुढे राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी ह्यांच्यावरून तुकोबांपर्यंत. आईबापांची पाळी त्यानंतरची. वतनाच्या कागदात वंशावळ पुरुषांची असते आणि तिच्यात मुलीला जागा नसते. बहिणाबाईंनी एक दुसरी वंशावळ लिहिली आणि तिच्या शेवटी स्वतःचे नाव घातले. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा, पायापासून कळसापर्यंत प्रत्येक संताचे काम सांगणारा जो अभंग आज महाराष्ट्रात लहान मुलेही म्हणतात, तो परंपरेने बहिणाबाईंचाच मानला जातो. त्याच्या अखेरीस त्या इमारतीवर फडकणारी ध्वजा त्या स्वतः झाल्या आहेत.

जातीच्या प्रश्नालाही त्यांनी बगल दिली नाही. जन्माने ब्राह्मण, गुरू कुणबी, नवरा वेदाभिमानी, अशा घरात ‘ब्राह्मण कोण?’ हा प्रश्न केवळ पंडितसभेचा राहत नाही. तो जेवणाच्या पानावरचा होतो. ‘वज्रसूची’ ह्या संस्कृत प्रकरणाचा आधार घेऊन बहिणाबाईंनी ह्याच विषयावर अभंग रचले. ब्राह्मण्य देहात नाही, जातीत नाही, पांडित्यातही नाही, असे एकेक विकल्प खोडून काढीत तेथे ब्रह्मज्ञानापर्यंत येतात. विवेचन तर्काचे आहे. परंतु कोल्हापूरचा प्रसंग वाचलेल्याला ते कोणत्या घरात आणि कोणाला ऐकू जावे म्हणून लिहिले असेल, ह्याचा अंदाज करता येतो.

त्याच शतकात, १६४१ साली, आग्र्याला बनारसीदास ह्या जैन व्यापाऱ्याने ‘अर्धकथानक’ ह्या नावाने आपली पंचावन्न वर्षांची कहाणी हिंदी पद्यात लिहून पुरी केली. व्यापारातली खोट, मेलेली मुले, धर्माविषयी बदलत गेलेली मते, सारे त्यात मोकळेपणाने आले आहे. दोघांना एकमेकांची वार्ताही नसणार. आत्मचरित्र ही पश्चिमेकडून आलेली वस्तू आहे असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला ही दोन पुस्तके आडवी येतात. मात्र बनारसीदासांपाशी पेढी होती, मित्रमंडळी होती, प्रवास होते. बहिणाबाईंना आपले आयुष्य सांगण्यासाठी अभंगाचा साचा आणि शेवटी आपले नाव घालण्याची मुभा, एवढेच होते. आणि ते नाव त्यांनी शेकडो वेळा घातले. बंगालमध्ये राससुंदरी देवींचे ‘आमार जीवन’ १८७६ मध्ये छापून आले. स्वयंपाकघरात चोरून अक्षरे शिकलेल्या त्या गृहिणीच्या आणि बहिणाबाईंच्या मध्ये सुमारे पावणेदोनशे वर्षे आहेत.

अभंगांच्या वह्या दीर्घकाळ शिष्यशाखेपुरत्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या छापल्या गेल्या, आणि १९२९ मध्ये जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन मिशनऱ्याने केलेला इंग्रजी अनुवाद मूळ मराठीसह प्रसिद्ध झाला. त्यामुळे परदेशी अभ्यासकांना बहिणाबाई ठाऊक झाल्या. मराठी पाठ्यपुस्तकांतून मात्र त्यांचा बहुधा तो इमारतीचा अभंगच भेटतो. आत्मनिवेदनातील कोल्हापूरचे प्रकरण विद्यार्थ्यांपुढे ठेवायला संपादक का कचरतात हे समजण्यासारखे आहे, समर्थनीय नाही.

उत्तरायुष्य शिऊरला गेले. सन १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अंतकाळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी मुलाला बोलावून घेतले. त्याने विचारले आणि त्यांनी आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली: कोणत्या गावी, कोणाच्या पोटी, कोणाची बायको, किती वयाला मृत्यू. तेराव्या जन्माची गोष्ट, जिच्यात रात्रीची ती पायवाट आणि ते वासरू आहे, आत्मनिवेदनात आधीच सांगून झालेली होती. बहिणाबाईंची समाधी शिऊरलाच आहे, पाठकांच्या गावी.