शब्दाला हरकत : प्रतिमालेपासून बल्लीमारानपर्यंत

शब्दांचा खेळ आणि शब्दांवरचा वाद ही जुळी भावंडे होत. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कला मोजल्या, त्यांत प्रहेलिका, काव्यसमस्यापूरण आणि प्रतिमाला यांचा समावेश आहे. एकाने म्हटलेल्या श्लोकाच्या अखेरच्या अक्षरावरून दुसऱ्याने नवा श्लोक म्हणायचा, ही प्रतिमाला. आपल्या घरोघरच्या गाण्याच्या भेंड्या तिच्याच वंशातल्या. भेंडी चढू लागली की एखादा चतुर गडी ऐनवेळी ओळ रचून गातो आणि समोरून हरकत येते, 'असे गाणेच नाही!' मग निवाडा कोणी करायचा? बहुधा आजी करते आणि तो सर्वांना मान्य असतो.

पाश्चात्त्यांनी या हरकतीला नियमांत बसवले. 1930 नंतरच्या मंदीत काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पकाराने वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते याचा हिशेब मांडला आणि त्यावरून अक्षरसोंगट्यांचा एक खेळ रचला. 1948 साली जेम्स ब्रुनो यांनी त्याला 'स्क्रॅबल' हे नाव देऊन तो बाजारात आणला. 1991 मध्ये लंडनला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या खेळात पटावर खोटा शब्द मांडणे हा गुन्हा नाही. प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली नाही, तर तो शब्द खऱ्यासारखाच गुण मिळवतो. हरकत घेतली आणि शब्द खोटा ठरला, तर सोंगट्या उचलाव्या लागतात आणि पाळी फुकट जाते.

परंतु शब्द खरा निघाला तर काय? येथे देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. उत्तर अमेरिकेत हरकत घेणाराच आपली पाळी गमावतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ अशा चुकीला काहीच दंड नव्हता. अन्यत्र काही गुणांचा दंड घेतात. दंड जितका जबर, तितके खोट्या शब्दाचे धाडस वाढते, कारण शंका आली तरी समोरचा गप्प बसतो. हरकत घेणे फुकट असेल, तर असे धाडस क्वचितच फळते. निवाडा ठरलेल्या शब्दसूचीनुसार होतो. तेथे शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही, केवळ त्याचे अस्तित्व पाहिले जाते. थोडक्यात, न्यायाधीश आधीच नेमलेला असतो म्हणून खेळ शांतपणे पार पडतो.

न्यायाधीशच मान्य नसेल तर काय होते, याचा धडा मात्र आपल्या दिल्लीच्या इतिहासात आहे. 1828 साली मिर्झा गालिब कलकत्त्याला गेले असता तेथील मुशायऱ्यात त्यांच्या फारसी शब्दयोजनेवर आक्षेप घेण्यात आला. आक्षेपकांनी आधार दिला तो कतील या भारतीय फारसी पंडिताचा. फरीदाबादच्या एका खत्र्याचा शब्द आपण प्रमाण मानत नाही, असे गालिबांनी ठणकावले. त्यांच्या मते फारसीचा निवाडा इराणच्या जुन्या कवींनीच करावा. वाद इतका चिघळला की शेवटी समेटासाठी त्यांना एक मसनवी लिहावी लागली.

पुढे 1857 आले. दिल्ली उद्ध्वस्त होत असताना गालिब बल्लीमारानमधील घरात अडकून पडले होते. हाताशी पुस्तके मोजकीच होती. त्यांत सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत रचलेला 'बुरहान-ए-काते' हा विख्यात फारसी शब्दकोश होता. तो चाळताना त्यांना चुका दिसू लागल्या आणि त्यांनी टिपणे केली. 1862 साली ती 'काते-ए-बुरहान' या नावाने प्रसिद्ध झाली. ज्या कोशाकडे लोक निवाडा मागायला जात, त्या कोशालाच दिल्लीच्या कवीने हरकत घेतली होती.

उत्तरादाखल पुस्तकांमागून पुस्तके निघाली आणि त्यांपैकी एकाची भाषा शिवराळपणावर उतरली. डिसेंबर 1867 मध्ये वृद्ध गालिबांनी त्या लेखकावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. न्यायालयात विद्वान साक्षीदारांनी त्याच शिव्यांचे निरुपद्रवी अर्थ लावून दाखवले! मार्च 1868 मध्ये गालिबांनी तडजोड करून खटला मागे घेतला. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

या कथेला आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. त्या दिवसांत गालिबांजवळ 'दसातीर' नावाचा ग्रंथही होता. मुल्ला फिरोज या पारशी विद्वानाने 1818 साली तो मुंबईत छापून प्रसिद्ध केला होता. प्राचीन इराणी धर्मग्रंथ म्हणून गालिब त्याला प्रमाण मानत. पुढे संशोधकांनी तो बराच नंतरचा आणि बनावट ठरवला. त्याची भाषा रचलेली होती आणि तिच्यातील कित्येक शब्द 'बुरहान-ए-काते'मध्येही शिरले होते. कोशाच्या चुका दाखवणारा थोर पारखी स्वतःच बनावट शब्दांना भुलला होता. त्याच 1857 साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. 1831 च्या आपल्याच कोशाला त्याने पुन्हा तपासले, वाढवले. कोश हाही अखेर माणसाचेच काम, आणि आपल्या कामाला आपणच हरकत घेण्याचा हा मार्ग गालिबांच्या वादापेक्षा अधिक फलदायी ठरला.

दिल्लीत मराठी शिकणाऱ्या मुलाला हा इतिहास परका नाही. त्याचा प्रत्येक दिवस शब्दांच्या हरकतींत जातो. रस्त्यावर 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, वर्गात 'शिक्षा' म्हणजे दंड. बाहेर 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, घरी 'चेष्टा' म्हणजे थट्टा. बाहेर 'यातायात' म्हणजे वाहतूक, आजीच्या बोलण्यात मात्र दगदग. एकच शब्द एका पटावर खरा आणि दुसऱ्यावर खोटा ठरतो. अशा मुलाला पदोपदी हसून अडवले, तर तो चुकण्याच्या भीतीने मराठी बोलणेच सोडून देतो. तो दंड उत्तर अमेरिकेतल्या नियमाहून जबर आहे, कारण त्यात पाळीच काय, खेळच संपतो.

साठ वर्षांत आपल्या शाळेने या हरकतींचे काय केले, याचे उत्तर माजी विद्यार्थ्यांच्या जिभेवर आहे. पालकांसाठी सूत्र सोपे आहे. मुलाच्या शब्दाला हरकत जरूर घ्यावी; पण त्याच्यासोबत कोश उघडावा, आणि आपण चुकलो असू तर एक पाळी हसत सोडून द्यावी.