माझा प्रवास आणि विकिपीडियाची वाट

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते घरची विपन्नावस्था दूर व्हावी या हेतूने. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणापर्यंत पोहोचली होती. वाटेत बंड उद्भवले. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिली, आणि उतारवयात ती हकीकत लिहून ठेवली. हेच ‘माझा प्रवास’ होय.

या हकीकतीचे पुढे जे झाले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ती प्रसिद्ध केली, परंतु भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी काढली ती १९६६ साली. मधल्या एकोणसाठ वर्षांत हे वाक्य गोडसे यांचे की वैद्य यांचे, हे ठरविण्याचे काहीही साधन सामान्य वाचकाच्या हाती नव्हते. वैद्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे; संपादकाने लेखकाची भाषा नीटनेटकी करावी, असाच त्या काळचा समज होता.

विकिपीडिया नावाच्या ज्ञानकोशात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली, कोणीही वाचावे आणि कोणीही दुरुस्त करावे, अशा पानांची योजना प्रथम सिद्ध केली. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीचे नाव त्याने तिला दिले; हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे चटकन. त्या पद्धतीवर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, त्याची मराठी शाखा निघाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड, किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश, यांना एक जबाबदार धनी होता. येथे मुखपृष्ठावर धन्याचे नाव नाही. त्यामुळे लष्करच्या महाराजवाड्याच्या चौकात नवखा प्रवासी उभा राहावा आणि कोणत्या रस्त्याने निघावे हे त्याला कळू नये, तशी नवशिक्याची स्थिती होते.

पहिली अडचण नावाचीच. मराठी माणूस ‘ग्वाल्हेर’ लिहितो, गावातील पाट्यांवर ‘ग्वालियर’ असते. ‘शिंदे’ म्हणावे की ‘सिंधिया’, हाही घोळ आहेच. एका नावावरून दुसऱ्याकडे नेणारी ‘पुनर्निर्देशने’ अशा वेळी उपयोगी पडतात. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असल्यास ‘निःसंदिग्धीकरण’ नावाचे पान वाटाड्याचे काम करते. लक्ष्मीबाई म्हटले की झाशीची राणी आठवते, तशा ‘स्मृतिचित्रे’कर्त्या लक्ष्मीबाई टिळकही आठवतात.

राणीच्याच पानावर नवशिक्याची खरी परीक्षा होते. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर येथे तिला वीरमरण आले आणि तिची समाधी फुलबागेजवळ आहे, याविषयी वाद नाही. तारीख मात्र काही ग्रंथांत १७ जून तर काहींत १८ जून आढळते. अशा प्रसंगी लेख वाचून उठणारा मनुष्य अर्धेच वाचतो. पानाच्या माथ्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ असे दोन दुवे असतात. पहिल्यात वाद घालावयाचा; दुसऱ्यात कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, कोणता शब्द काढून कोणता घातला, याची ओळ न् ओळ मिळते. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी मांडून पाहता येतात. वैद्यांच्या वाचकांना जे एकोणसाठ वर्षे मिळाले नाही ते येथे क्षणात मिळते. त्यानंतर पानाच्या तळाशी दिलेले संदर्भ तपासावेत. विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसल्यास ते विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उतरवू नये, हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगण्याजोगे आहे.

स्वतः लिहावयाचे झाल्यास सरावाची जागा निराळी आहे. तिला मराठी संपादकांनी ‘धूळपाटी’ हे सुरेख नाव दिले आहे. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत. चुकले की हाताने सारखे करावे आणि पुन्हा गिरवावे. शंका विचारण्याच्या जागेस ‘चावडी’ म्हणतात. इंग्रजी नावाचे ओझे न वाहता इतके घरगुती शब्द ज्यांनी योजले त्यांचे कौतुक केले पाहिजे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना या कोशाची गरज विशेष आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचे लष्कर शहर झाले आणि तेव्हापासून मराठी तेथे नांदते आहे. १९६१ चे साहित्य संमेलन कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरले. संमेलनाध्यक्षपदी त्या पहिल्याच स्त्री. परंतु आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट या कोशात चालत नाही. कोठेतरी छापलेला आधार दाखवावा लागतो, आणि घरोघरच्या आठवणी तर बहुधा छापलेल्या नसतात. हा नियम वृद्धांना निष्ठुर वाटतो, आणि तो काहीसा तसा आहेही. मात्र फडताळात पडलेले कुलवृत्तान्त व उत्सवांच्या स्मरणिका हा छापील ऐवजच आहे. त्याचा कस लावावा लागेल इतकेच.

आरंभ लहानशा गोष्टीने करता येतो. राजकवी भा. रा. तांबे यांचे जन्मगाव मुंगावली, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातले. एखाद्या पानावर ते नाव चुकलेले दिसले आणि लष्करच्या एखाद्या मुलाने त्यातील एक अनुस्वार सुधारला, तर त्याचे सदस्यनाव, तारीख आणि वेळ ‘इतिहासा’त नोंदली जाते, आणि अनुस्वार नसलेले जुने पानही त्याखालीच पाहावयास राहते.