एमपीथ्रीची गोष्ट: एका गाण्यावर अडलेली पीएचडी

"माझी पद्धत सगळीकडे चालते, एकाच नमुन्यावर फसते. तो नमुना वगळू का?" हा प्रश्न संशोधनात कधी ना कधी पडतोच. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगते.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार करून बघा: सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. म्हणजे चार मिनिटांचं गाणं साधारण ४२ एमबी. पुढे घरोघरी आलेला ५६ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला असता, तरी हे एक गाणं पाठवायला शंभर मिनिटं लागली असती.

जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात प्रा. डीटर झाइट्सर यांना टेलिफोनच्या डिजिटल लाइनवरून उत्तम संगीत पाठवायचं होतं. पेटंट परीक्षकाने हे शक्यच नाही असं ठरवलं. मग हा विषय कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याकडे आला.

त्यांनी आधार घेतला तो आपल्या कानाच्या एका मर्यादेचा. मोठा आवाज चालू असेल, तर त्याच्या जवळच्या वारंवारतेचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. ताशाच्या कडकडाटात शेजारच्याची कुजबुज कुठे कळते, तसंच काहीसं. मग जे ऐकूच येणार नाही, त्यावर बिट कशाला खर्चायचे? तिथे ढोबळ आकडे लिहिले तरी चालतं, कारण त्यातून होणारा खरखराट मोठ्या आवाजाखाली झाकला जातो.

पद्धत चांगली चालत होती. तेवढ्यात त्यांच्या वाचनात आलं, की लाउडस्पीकर तपासायला सुझान वेगा यांचं 'टॉम्स डायनर' वापरतात. १९८७ च्या अल्बममधलं हे गाणं नुसत्या गळ्यावर गायलेलं आहे, वाद्यं नाहीत. त्यांनी ते आपल्या पद्धतीतून काढलं, आणि आवाजाची पार वाट लागली! खरखराट झाकायला मागे काहीच नव्हतं.

ब्रांडेनबुर्ग यांनी ते गाणं वगळलं नाही. पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा ऐकलं आणि पद्धत सुधारत नेली. १९८९ मध्ये त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. पुढे अनेकांच्या कामातून एमपीथ्रीचं मानक तयार झालं आणि १९९५ मध्ये '.एमपी३' हे नाव ठरलं. सेकंदाला १२८ किलोबिट धरले, तर आपलं ४२ एमबीचं गाणं चार एमबीच्याही आत येतं, मोडेमवर नऊ-दहा मिनिटांत जातं. लोक सीडीवरची गाणी एमपीथ्री करून एकमेकांना पाठवू लागले. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि संगीत कंपन्या कोर्टात गेल्या.

आता माझी चूक. रातकिडे आणि टोळांच्या आवाजाचं तीन रात्रींचं रेकॉर्डिंग मला सहकाऱ्याला पाठवायचं होतं. फाइल मोठी, नेट हळू. एमपीथ्री केलं, पाठवलं, आणि जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसली. स्पेक्ट्रोग्राम काढला, तर १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कोरं! माणसाच्या कानाला फारसं न जाणवणारं एमपीथ्रीने टाकून दिलं होतं, आणि मला नेमकं तेच मोजायचं होतं. पुन्हा वेव्ह फाइल करूनही गेलेलं परत आलं नाही. ते तीन दिवस वाया.

तेव्हा मूळ डेटा पुसू नका. फाइल लहान करायचीच असेल, तर फ्लॅकसारखं काहीही न गमावणारं रूप वापरा. आकार साधारण निम्म्यावर येतो, आणि मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो.

आणि तो फसणारा नमुना? अजिबात वगळू नका. आधी तोच नीट ऐका.