तळटीप १७ : शिकारीचा ब्लॉक

१७. ब्लॉक : वनखात्याने शिकारीसाठी आखून दिलेला राखीव जंगलाचा तुकडा. येथे उल्लेखलेले, नागपूर–हावडा लोहमार्गावरचे दरेकसा (आता ता. सालेकसा, जि. गोंदिया) लेखकाच्या काळी भंडारा जिल्ह्यात होते, गोंदिया जिल्हा १९९९चा. ब्लॉकचे परमिट वनाधिकारी ठरावीक मुदतीपुरते देत आणि कोणते जनावर किती मारता येईल, हे त्यावरच नमूद असे. तेव्हा येथील ‘चितळाचे परमिट’ ही चोरटी शिकार नव्हे. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार एका फटक्यात बंद झाली, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होतेच. बंदीचा काळ राज्य सरकारने जाहीर करायचा, आणि माद्या, पाडसे व कोवळ्या, लवदार शिंगांची हरणे मारायची नाहीत, अशा त्यातल्या अटी. परवान्यांची ही तरतूद १९९१च्या दुरुस्तीने गेली. आज चितळाच्या बाबतीत मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी उरते ती अपवादापुरती : जनावर असाध्य आजारी असेल, पिकाची नासधूस करत असेल किंवा शास्त्रीय अभ्यासासाठी हवे असेल तर.